सोलेनॉइड सेटबद्दलच्या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार. मी दुकानाचा मालक. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सकाळी काउंटरवरच्या मुलाला विचारून मगच लिहायला बसलो.

तुमचं म्हणणं असं: ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकत होती, स्कॅनरवर पी०७५१ हा बिघाडाचा कोड आला, म्हणून आमच्याकडून चार शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघडणारे-मिटणारे विजेवरचे छोटे व्हॉल्व्ह) सेट नेऊन घरीच बसवलात. दोन दिवसांत तोच कोड परत. मग जुने सोलेनॉइड पुन्हा चढवलेत, तरी कोड तोच. आमचा माल डुप्लिकेट, आमचा माणूस उद्धट, आणि सेट आम्ही परत घेतला नाही. तारा एक.

आधी उद्धटपणाचं. 'इलेक्ट्रिकल माल परत होत नाही' एवढं बोलून मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, हे त्याने माझ्यासमोर कबूल केलं. बिलावर तसं छापलेलं आहे, पण विकताना तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. याबद्दल माफी मागतो.

आता माल. रागात तुम्ही सेट काउंटरवर ठेवून गेलात, त्यामुळे तपासायला तो हाताशी होता. चारही सोलेनॉइडना मल्टिमीटर लावला, रीडिंग १२ ते १३ ओहम. ऑन-ऑफ प्रकारच्या सोलेनॉइडला साधारण एवढंच हवं. बारा व्होल्ट दिले की चारही टक्क वाजतात, आणि तोंडाने हवा फुंकली तर वाट उघडते-मिटते हेही कळतं. पण थंड सोलेनॉइडवर विश्वास ठेवू नये. कॉइलमधली, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातली, बारीक चीर गरम झाल्यावरच तोंड दाखवते. म्हणून चारही ऑइलमध्ये ९० अंशांपर्यंत तापवून परत मोजले. रीडिंग १६च्या आसपास गेलं. तांबं तापलं की रोध वाढतोच, त्यात दोष नाही. एकही कॉइल तुटलेली नाही.

आणि मुख्य गोष्ट तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे. नवे घातले तरी तोच कोड, जुने घातले तरी तोच कोड. मग दोष सोलेनॉइडमध्ये कसा असेल?

पी०७५१ आणि पी०७५३ हे दोन्ही त्याच पहिल्या सोलेनॉइडचे कोड, पण त्यांचं सांगणं वेगळं. ०७५३ म्हणजे वायर, कपलर किंवा कॉइल, थोडक्यात विजेचा भाग. ०७५१ म्हणजे हुकूम तर दिला, पण गिअर अपेक्षेप्रमाणे पडला नाही. सोलेनॉइड आतून अडकला असेल तरी हा कोड येतो, पण व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलच्या वाटा कोरलेला, सोलेनॉइड बसतात तो धातूचा ठोकळा) व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला, ऑइल कमी पडलं, दाब गळतोय, क्लच घासून गेलाय, अशा कुठल्याही कारणाने तोच कोड दिसतो. आमची खरी चूक इथे आहे. तुम्ही सेट मागितलात आणि आम्ही सेट दिला. कोड कोणता, ऑइल कसं दिसतंय, हे दोन प्रश्न विचारले असते तर मी तो सेट तुम्हाला विकलाच नसता.

तुम्ही टाकलेला पॅनचा, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या ताटाचा, फोटो मोठा करून पाहिला. मॅग्नेटवरची लोण्यासारखी मऊ राखाडी पेस्ट बघून घाबरू नका, ती चालत्या गिअरबॉक्समध्ये जमतेच. पण पॅनच्या कोपऱ्यात काळे पापुद्रे आहेत, आणि चिंधीवरचं ऑइल लाल नाही, तपकिरी आहे. पापुद्रे बहुधा क्लचच्या अस्तराचे. तसा एखादा कण व्हॉल्व्हच्या वाटेत बसला, तर तुम्ही दहा सेट बदललेत तरी कोड जाणार नाही.

दुसरं, 'जेवढं ऑइल निघालं तेवढंच मोजून ओतलं' असं लिहिलं आहे. निघालं तेव्हा पुरेसं होतं हे कशावरून? बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी, लीव्हर एकदा सगळ्या गिअरमधून फिरवून, आणि कंपनीने दिलेल्या तापमानाला. बऱ्याच गाड्यांत ते ३५ ते ४५ अंशांच्या मधे असतं. ऑइल कमी असलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि हाच कोड येतो. सगळ्यात स्वस्त तपासणी ही, म्हणून आधी ती करा. ऑइल मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकात नाव दिलंय तेच. रंग लाल म्हणून कुठलंही चालत नाही.

एका सोलेनॉइडची ओ-रिंग नखाएवढी कापलेली सापडली. कोरडी दाबून बसवली की कडेला अशीच कापते. बोटाने थोडं त्याच गिअरबॉक्सचं ऑइल फिरवलं की सरकन बसते. हे आमच्या डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजपासून प्रत्येक डब्यात तशी चिठ्ठी जाईल. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट 'जीव खाऊन आवळले' हे वाचूनही पोटात गोळा आला. तिथे बहुतेक ठिकाणी १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताकद लागते, म्हणजे मनगटाची. ॲल्युमिनियमची बॉडी जास्त आवळली तर वाकते आणि चांगले व्हॉल्व्हही अडकतात. पुढच्या वेळी टॉर्क पाना घ्या. घरी काम केलंत याला माझी ना नाही. कोणता बोल्ट कुठला, हे पुठ्ठ्यावर खुणा करून ठेवलेलं तुमच्या फोटोत दिसलं, आणि हे कित्येक मेकॅनिकही करत नाहीत.

सेटचे पूर्ण पैसे परत देतोय, बिल दाखवायची गरज नाही. तेलात बुडालेला सोलेनॉइड आम्हाला पुन्हा विकता येत नाही, पण तो तोटा न विचारता विकल्याचा आहे आणि तो आमचा. एक तारा तसाच राहू द्या. फक्त 'डुप्लिकेट' हा शब्द काढाल तर बरं वाटेल, कारण ते खरं नाही.

आणि कृपा करून 'सध्या तशीच चालवतोय' हे थांबवा. क्लच घसरत असताना चालवलेला प्रत्येक किलोमीटर नवे पापुद्रे पाडतो. गाडी टो करून आणा. दाबाचं गेज लावून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. पॅन पुन्हा उघडलात तर धुऊ नका, आहे तसाच घेऊन या.