व्युत्पत्ती पाडण्याची विद्या

शब्दांची व्युत्पत्ती सांगण्याचे काम काही मंडळींनी उगीचच अवघड करून ठेवले आहे. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठीचा कोश छापला तो शास्त्री-पंडितांना हाताशी धरून. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी दप्तरे हुडकण्यात हयात घालवली. आणि एवढे होऊनही एखाद्या शब्दापुढे मूळ अनिश्चित असल्याची कबुली देण्याची नामुष्की कोशकारांवर येतच राहिली. तुम्हांला ती पत्करण्याचे काहीच कारण नाही. ज्याने शाळेत गुणांसाठी संस्कृत घेतले होते आणि ज्याच्या फोनमध्ये नातेवाइकांचे दोन-तीन गट आहेत, असा कोणीही मनुष्य सकाळचा चहा निवण्यापूर्वी व्युत्पत्तिकार होऊ शकतो.

आरंभ परंपरेपासून करावा, म्हणजे पुढे कोणी आक्षेप घेतलाच तर तो परंपरेवर घेतला, अशी ओरड करता येते. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता यास्क याचे ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’ हे वचन तेवढे पाठ करावे. शब्दाचे निर्वचन, म्हणजे व्युत्पत्ती सांगणे, जमत नाही असे म्हणू नये, दुसरा काही आधार सापडत नसेल तर एखाद्या अक्षराच्या सारखेपणावरून करावे, पण करावेच, असा त्याचा आशय आहे आणि तुमच्या उद्योगाला याहून उदार परवाना मिळणे शक्य नाही. त्याच ग्रंथात थोडे पुढे, सुटा शब्द संदर्भावाचून घेऊन त्याचे निर्वचन करू नये आणि ज्याला व्याकरण येत नाही त्याला ही विद्या सांगू नये, अशा अटीही घातलेल्या आहेत. तिथपर्यंत वाचत जाऊ नये.

पहिला प्रयोग उपासाच्या ताटावर करावा. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि तो मुळात कॅरिबियन बेटांवरचा, असे जाणकार सांगतात. मात्र जो पदार्थ एकादशीला चालतो तो परदेशी असेलच कसा, हा साधा प्रश्न या जाणकारांना पडलेला नाही. तेव्हा ‘बटुभिः सह अटति इति बटाटः’, म्हणजे मुंजीतल्या बटूंबरोबर भिक्षेला हिंडतो तो बटाटा, असा विग्रह करून मोकळे व्हावे. संधिनियमाने येथे ‘बट्वट’ व्हायला हवे, अशी शंका एखादे निवृत्त संस्कृत शिक्षक काढतील. त्यांना ‘आर्ष प्रयोग’, म्हणजे ऋषींनी केलेला आणि म्हणून व्याकरणाला न बांधलेला प्रयोग, एवढेच उत्तर द्यावे. त्याच ताटातली मिरची, शेंगदाणे, रताळी आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदसुद्धा अमेरिका खंडातून आलेला आहे, ही माहिती मात्र उपास सुटेपर्यंत कोणाला सांगू नये, कारण त्याने खिचडीची चव जाते.

‘पाव’ हा तर हातचा शब्द आहे. जो पावन करतो तो पाव, इतके उघड असताना पोर्तुगिजांच्या ‘पांव’पर्यंत जाण्याची गरज काय? गोव्यात पाव भाजणाऱ्याला अजूनही पोदेर म्हणतात आणि तोही शब्द पोर्तुगीजच आहे, ही थोडी अडचण आहे. म्हणून गोव्याकडच्या नातेवाइकांना निराळ्या गटात ठेवावे. ‘पगार’ पोर्तुगिजांच्या ‘पैसे चुकते करणे’ या क्रियापदातून आलेला नसून ‘प’ म्हणजे पहिली तारीख आणि ‘गार’ म्हणजे त्यानंतरची अवस्था, असे मांडले तर नोकरदार वर्गातून विरोध होणार नाही. चावी, परात, घमेले, लिलाव, तुरुंग हे सगळे त्याच जहाजातून उतरले असल्यामुळे ते हाताळताना एक पथ्य पाळावे: दोन शब्द कधीही शेजारी मांडू नयेत, कारण ते एकमेकांची चुगली करतात.

समुद्रापलीकडच्या शब्दांपेक्षा शेजारचे शब्द अधिक त्रासदायक असतात. आपले ‘तूप’ कानडीतल्या ‘तुप्प’शी जोडलेले आहे आणि ‘अडकित्ता’ हा कानडीतल्या सुपारी व सुरी या दोन शब्दांचा जोड आहे, हे मान्य केले तर सकाळपासून रात्रीपर्यंत कर्नाटकाचे आभार मानत बसावे लागेल. सीमावादाच्या दिवसांत हे परवडणारे नाही. त्यापेक्षा वरणभातावर ओतलेल्या तुपाचा आकार पाहावा आणि ‘स्तूप’ या शब्दातला ‘स्’ भाताखाली गेला, असे जाहीर करावे. अडकित्त्याबद्दल मौन पाळावे. हल्ली पान खाणारे कमी झाले आहेत.

आता ज्याला भाषाशास्त्र म्हणतात त्या संकटाविषयी. या शास्त्राचे लोक असा आग्रह धरतात की ध्वनी मन मानेल तसे बदलत नाहीत, ते ठरलेल्या वाटेने बदलतात. संस्कृतातल्या हस्त, कर्ण, सर्प, दुग्ध, अग्नि या शब्दांचे प्राकृतात हत्थ, कण्ण, सप्प, दुद्ध, अग्गि झाले आणि मराठीत येताना जोडाक्षर सुटे होऊन अलीकडचा स्वर लांबला, म्हणून आपल्याला हात, कान, साप, दूध, आग मिळाले, अशी ओळच्या ओळ ते तुमच्यापुढे मांडतील. शेकडो शब्द एकाच शिस्तीत, मुकाट्याने आणि कोणाचीही परवानगी न घेता बदलले, हे दृश्य पाहून क्षणभर तुम्हांलाही भारावल्यासारखे होईल. सावध राहावे. जिथे नियम आहे तिथे तुमच्या प्रतिभेला जागा नाही.

ही माणसे आणखी एक विचित्र गोष्ट सांगतात. इंग्रजीतला ‘बॅड’ आणि ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, तरी त्यांचे परस्परांशी काही नाते नाही. ‘डे’ आणि ‘दिवस’ यांचेही नाही. पण इंग्रजीतले ‘व्हील’ आणि आपले ‘चाक’ हे मात्र एकाच मुळातून निघालेले सख्खे भाऊबंद आहेत. दिसायला सारखे ते परके आणि तोंडवळा न जुळणारे ते रक्ताचे, असे मानणाऱ्या शास्त्राची लोकप्रियता किती असणार, हे सांगायला नको. तुमच्या वाचकाला पहिल्या दोन जोड्या द्याव्यात आणि त्यांवर अखिल मानवजातीची मूळ भाषा सिद्ध करून घ्यावी. चाक गाडीलाच राहू द्यावे.

इराणी भाषांमध्ये ‘स’चा ‘ह’ होतो, हा एक नियम तेवढा उपयोगी आहे, कारण तो खरा आहे आणि खऱ्या गोष्टीची थोडी भेसळ असली की बाकीचा माल खपतो. सिंधूचे हिंदू झाले, असुराचा अहुर झाला आणि सप्ताचे ‘हफ्त’ होऊन त्यातून आपला ‘हप्ता’ आला. येथे एक गंमत घडते: परकीय म्हणून हप्त्याला हाकलून ज्याने त्याच्या जागी ‘सप्ताह’ आणला, त्याने सात या एकाच आकड्याला मागच्या दाराने बाहेर काढून पुढच्या दाराने आत घेतलेले असते. कर्जाचा हप्ता आहे तसाच राहतो. पण तुम्ही गंमतीत न रमता हा नियम ‘ह’ असलेल्या प्रत्येक शब्दाला लावावा, म्हणजे हापूस हा मूळचा ‘सापूस’ ठरेल आणि आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराचे नाव रत्नागिरीच्या आंब्यावरून पुसले जाईल.

गावांच्या नावांकडे वळाल तेव्हा पुराव्याची निवड करायला शिकावे. पुण्याजवळच्या प्रदेशाचा उल्लेख राष्ट्रकूटांच्या ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ असा आहे आणि दहाच वर्षांनंतरच्या ७६८ च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असा आहे. पहिला ताम्रपट चौकटीत घालून दिवाणखान्यात लावावा. दुसऱ्यावरून, ‘पुण्य’ हे मूळ नाव की स्थानिक नावाला कोरक्याने चढवलेला संस्कृत साज, असा प्रश्न निघतो आणि तो पुण्यात राहून विचारण्यासारखा नाही. मुंबईच्या बाबतीत मात्र कडक व्हावे. पोर्तुगिजांनी ‘चांगला उपसागर’ या अर्थी ‘बों बाईया’ म्हटले आणि त्यावरून बॉम्बे झाले, ही कथा कोणी सांगितली की पोर्तुगीजमध्ये उपसागर स्त्रीलिंगी असून ‘बोआ’ म्हणावे लागले असते, हे व्याकरण त्याच्या तोंडावर फेकावे. दुसऱ्यांच्या व्युत्पत्तीला व्याकरण लागू असते.

शुद्धीकरणाचा मोह तुम्हांला कधीतरी होणारच. शिवछत्रपतींनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला होता. पुढे लोकांनी पेशवाईला पेशवाईच म्हटले. सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ असे शब्द घडवले आणि आपण ते नवे घडवले आहेत हे उघड सांगितले. या दोन्ही मार्गांत कष्ट आहेत, शिवाय शब्द न रुजण्याची जोखीम आहे. परका शब्द मुळात आपलाच होता असे ठरवून टाकले की बदलायला काही उरतच नाही. फक्त हे काम आडनावांपाशी थांबवावे: चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस या सगळ्यांच्या शेपटात लेखक या अर्थाचा फारसी ‘नवीस’ बसला आहे आणि नेमकी हीच मंडळी तुमच्या लेखाला पहिली दाद देतात. ‘अक्कल’ अरबी आहे, हेही विरोधकांना कळू देऊ नये. ते त्यावर नको ते विनोद करतात.

राहता राहिला आधार. मजकुराखाली ‘संकलित’ असे लिहिले की बहुतेक वाचकांचे समाधान होते. तरीही कोणी चिकाटीने ग्रंथाचे नाव, पान आणि हस्तलिखिताचा काळ विचारलाच, तर आमच्या पणजोबांपाशी एक पोथी होती आणि ती १९६१ साली पानशेतच्या पुरात वाहून गेली, असे सांगावे. पुण्याबाहेर राहणाऱ्यांनी वाळवीवर भागवावे.