स्लाइड नंबर चौदा

परवा ऑफिसमधून निघता निघता कळलं की सोमवारी मोठी मीटिंग आहे, दुकानदारांसाठीची फोनची हेल्पलाइन बंद करून सगळं एआय बॉटवर टाकायचं का यावर, आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. अशाच एका मीटिंगला मी आधी बसलेली आहे. दुसरी कंपनी, अंधेरीला, सातवा मजला. आणि तिथे मी गप्प बसले होते.

मी डेटा ॲनालिस्ट आहे. लोकांना वाटतं टेक कंपन्यांचे मोठे साहेब आकडे बघून निर्णय घेतात. ते आकडे मीच काढून देते म्हणून सांगते, खूपदा निर्णय आधीच झालेला असतो आणि आमच्याकडे नुसता निरोप येतो की याला सपोर्ट करतील असे नंबर काढ. तेव्हाही तसंच झालं. किराणावाले, मेडिकलवाले यांच्यासाठी हिशोबाचं ॲप होतं, त्याची मराठी-हिंदी हेल्पलाइन बंद करून चॅट आणायचं ठरलं होतं. मी कॉलचा डेटा काढला तर बहुतेक फोन दुपारी दोन ते चार, म्हणजे गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मग चार दिवस बसून रेकॉर्डिंग ऐकली. माणसं नुसतं काय बिघडलंय हे सांगायलाच दोन-दोन मिनिटं घेत होती, मध्येच "थांबा हं ताई" म्हणून कोणाला तरी साखर मोजून देत होती, परत फोनवर येत होती. हे सगळं चॅटवर टाइप करणार कोण? मी ते स्लाइड नंबर चौदावर लिहिलं. सर म्हणाले, हे मेन डेकमध्ये (म्हणजे मुख्य स्लाइड्समध्ये) नको, शेवटी जोडून टाक. मी जोडलं. मीटिंगमध्ये ती स्लाइड उघडलीच नाही आणि मीही म्हटलं नाही की एक मिनिट, ती उघडा.

१९८५ मधली इंटेलची गोष्ट मला म्हणूनच फार भारी वाटते. तेव्हा इंटेलची ओळखच मेमरी चिप होती आणि जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात त्यांना पार जेरीला आणलं होतं. इंटेलचा प्रेसिडेंट अँडी ग्रोव्हने सीईओ गॉर्डन मूरला विचारलं, आपल्याला हाकलून बोर्डाने नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर लगेच म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाला, आपणच दारातून बाहेर जाऊन परत आत येऊ आणि तेच करू की. आणि केलं, मायक्रोप्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवर, सगळा जोर लावला. यात मला ग्रोव्हच्या हुशारीपेक्षा मोठं काय वाटतं, तर त्याने प्रश्न विचारला आणि समोरच्याने खरं उत्तर दिलं. खोलीत खरं बोलता येत होतं!

उलटं बघायचं तर नेटफ्लिक्स, २०११. तेव्हाचा सीईओ रीड हेस्टिंग्जने टपालाने डीव्हीडी भाड्याने द्यायचा धंदा वेगळा काढून क्विकस्टर नावाची कंपनी करायचं जाहीर केलं सप्टेंबरमध्ये, लोक आधीच दरवाढीने भडकलेले, त्या तिमाहीत अमेरिकेतले आठ लाख ग्राहक गेले, आणि ऑक्टोबरमध्ये क्विकस्टर गुंडाळलं. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की कंपनीतल्या बऱ्याच जणांना हे चुकतंय असं वाटत होतं, पण ते बोलले नाहीत. म्हणजे माहिती होती. माणसंही होती. पण साहेब इतक्या वेळा बरोबर ठरले होते की आपलंच चुकत असेल असं प्रत्येकाला वाटलं. मला ते वाचून माझी स्लाइड आठवली. पुढे हेस्टिंग्जने विरोधी मत मुद्दाम मागून घ्यायची पद्धत लावली, ते मला आवडलं, कारण खालच्या माणसाने धाडस करायची वाट बघण्यापेक्षा वरच्याने विचारणं कितीतरी सोपं आहे.

जेफ बेझोसने ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात दोन दारांची गोष्ट आहे. काही निर्णय एकाच बाजूने उघडणारं दार, गेलात की परत येता येत नाही, ते हळू आणि विचार करून घ्या. बाकीचे दोन्ही बाजूंनी उघडतात, ते पटापट घ्या. कल्पना चांगली आहे, आमच्या मीटिंगमध्येही सर हेच म्हणाले होते की टू-वे डोअर आहे, नाही जमलं तर हेल्पलाइन परत चालू करू. आणि खरंच वर्षभराने केली. पण आधीच्या टीममधल्या मुली तोवर कुठे कुठे गेल्या होत्या. त्यातली एक मला डोंबिवली फास्टमध्ये भेटली, आता क्लासच्या रिसेप्शनला बसते म्हणाली, पगार निम्मा. दार कंपनीसाठी दोन्ही बाजूंनी उघडत होतं, तिच्यासाठी नाही. कोणासाठी परत उघडणार आहे हे कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकवाली कंपनी मेटाच्या झुकरबर्गने अकरा हजारांवर माणसं काढली आणि लिहिलं की माझा अंदाज चुकला, जबाबदारी माझी. पण मेटामध्ये भागधारकांची निम्म्याहून जास्त मतं त्याच्याच हातात, त्याला हटवणार कोण? जबाबदारी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं? जपानी गेम कंपनी निन्टेंडोचा तेव्हाचा प्रमुख सातोरू इवाता, त्याने २०१४ मध्ये वी यू हा गेमिंग कन्सोल चालला नाही तेव्हा स्वतःचा पगार पाच महिने अर्धा केला होता. निदान काहीतरी स्वतःच्या खिशातून गेलं.

आता सोमवारचं. या वेळी कॉलचा डेटा दुसऱ्या स्लाइडवर टाकलाय आणि रेकॉर्डिंगचा एक तुकडा लावणार आहे, मालाडच्या एका काकांचा, नाव-नंबर काढून. बॉट वाईटच असेल असं माझं म्हणणं नाहीये, साध्या प्रश्नांना तो चालेलही, पण फोन उचलणारी माणसं आधी काढायची आणि मग बघायचं, हे नको. तुमच्यापैकी कोणाचं दुकान असेल किंवा घरात कोणाचं असेल तर प्लीज उद्या रात्रीपर्यंत मला सांगा, ॲप अडलं की तुम्ही काय करता, आणि मशीनशी बोलून काम शेवटचं कधी झालं. तुमचं म्हणणं मी नाव न घेता तिथे वाचून दाखवेन.