बारातली दोन नावं

डोकं फिरलंय, म्हणून मोठं लिहिते आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

आज दुपारी एका कॉलेजात कामानिमित्त गेले होते. नाव घेत नाही. पार्किंगच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली फ्रेम केलेले फोटो रचून ठेवले होते. काचा फुटलेल्या, मागचा पुठ्ठा भिजून फुगलेला. सगळे टीमचे ग्रुप फोटो. खुर्च्यांवर प्राचार्य आणि स्पोर्ट्सचे सर, मागे नंबरची बनियन घातलेली पोरं, पुढे बॉल आणि त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं साल. शिपाईभाऊंना विचारलं तर म्हणाले, "जिमखान्याची खोली खाली करून राहिले ना मॅडम. संध्याकाळी भंगारवाला येते." त्यांचा काय दोष? दोष त्याचा, ज्याने सही केली आणि फोटोंकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तिथेच खाली बसले आणि एकेक फोटो उलटून पाहिला. काकांचा शोधत होते. नाही सापडला.

माझे काका सत्तरच्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममध्ये होते. कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान मिळालेले. नव्या पोरांना सांगते, तेव्हा 'कलर' मिळणं म्हणजे काय ते. तेव्हा विद्यापीठ म्हणजे अख्खा विदर्भ होता. अमरावती वेगळं झालं १९८३ मध्ये, गोंडवाना २०११ मध्ये. त्याआधी सिलेक्शनला अकोल्याची, यवतमाळची, चंद्रपूरची पोरं एसटीने यायची, आणि त्यातून बारा निवडायचे. त्या बारांत काका होते. खेळले फार कमी, बरेचदा बेंचवरच. पण वेस्ट झोनच्या, म्हणजे पश्चिम विभागातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेतल्या, एका मॅचमध्ये मेन टीममधले दोघं पाच फाउल होऊन बाहेर गेले आणि सरांनी काकांकडे बोट दाखवलं. काकांनी एक बास्केट केली. मॅच हरले. ते दोन पॉइंट मी लहानपणापासून ऐकते आहे. सांगताना काका खुर्चीवरून उठतात आणि पाय कुठे होता, मनगट कसं वळवलं ते करून दाखवतात.

हे कुठेही लिहिलेलं नाही. स्कोरशीट नाही, कात्रण नाही. होता तो एक फोटो.

माझा मावसभाऊ अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात शिकत होता. त्याने तिथून पाठवलेले फोटो आज संध्याकाळी परत काढून बघितले, आणि जास्तच राग आला. बास्केटबॉल ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ त्यांचा पहिला कोच. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला त्याने गॅलरीच्या कठड्याला टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला आणि १८९८ मध्ये तो कॅन्ससला नोकरीला आला. कोच म्हणून ५५ मॅच जिंकला, ६० हरला. त्या टीमच्या सगळ्या इतिहासात हरलेल्या मॅच जास्त असलेला कोच तो एकटाच. आणि आज त्यांच्या कोर्टला नाव त्याचंच आहे! हॉलला नाव त्याच्या शिष्याचं, फॉग ॲलनचं. हॉल १९५५ चा, पंधरा हजारांवर माणूस बसतं. टीमने चार वेळा देशाचं विजेतेपद घेतलं, १९५२, १९८८, २००८ आणि २०२२. त्याचे झेंडे वर टांगलेले आहेत. ते तर कुणीही टांगेल. माझं लक्ष हरलेल्या कोचच्या नावाकडे गेलं.

आणि बेंचवरच्या पोरांकडे. १९५२ च्या त्या विजेत्या टीममध्ये डीन स्मिथ नावाचा पोरगा होता, राखीव खेळाडू. पुढे नॉर्थ कॅरोलिनाचा कोच झाला, छत्तीस वर्षं राहिला, ८७९ मॅच जिंकल्या. त्याच्याही आधी १९२३ च्या आसपास ॲडॉल्फ रप नावाचा एक असाच बेंचवर बसायचा, त्याने पुढे केंटकीची टीम घडवली. (१९२३ म्हणजे आपलं विद्यापीठ सुरू झालं ते साल.) बेंचवर बसलेला पोरगा काय बघून घेतो, काय शिकून उठतो, ते त्या दिवशीच्या स्कोरमध्ये दिसत नाही. म्हणून बाराही नावं ठेवायची असतात. पाच नाही, बारा.

मान्य, त्यांच्याकडे पैसा आहे. नेस्मिथने टाइप केलेले मूळ नियम २०१० च्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेले, घेणारा त्यांचाच माजी विद्यार्थी, आणि ते कागद आता कॅन्ससलाच मांडून ठेवले आहेत. आपल्याकडे कुठून येणार एवढा पैसा? पण फोटोला एक खिळा लागतो, राजेहो. एक खिळा आणि एक कोरडी भिंत. त्याला कोणतं अनुदान पाहिजे?

आणि त्यांचं सगळं सोवळं आहे असंही नाही. जॉन मॅकलेंडन १९३० च्या दशकात तिथे शिकला, खुद्द नेस्मिथच्या हाताखाली, पण काळा म्हणून त्याला टीममध्ये खेळू दिलं नाही. पुढे तो एवढा मोठा कोच झाला की बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, दोनदा गेला. अलीकडे खेळाडूंच्या भरतीच्या प्रकरणात शेवटच्या चारांत पोचल्याचा २०१८ चा एक झेंडा उतरवावा लागला, पंधरा विजय पुसले गेले. इतिहास ठेवला की हेही ठेवावं लागतं. नोंदच नसेल तर कुणाला न्याय मिळाला आणि कुणावर अन्याय झाला, हे कुणाला कळणार? आपल्याकडे सिलेक्शनच्या वेळी कुणाला का डावललं, याच्या नुसत्या गप्पा उरल्या आहेत. त्या सांगणारेही म्हातारे झाले.

कॅन्ससचाच खेळाडू विल्ट चेंबरलेन, त्याचं वाचलं तेव्हा मात्र राग गेला, रडूच आलं. १९५७ ची फायनल, तीन वेळा जादा वेळ, आणि कॅन्सस ५४-५३ ने हरलं. एका पॉइंटने. एवढा मोठा खेळाडू, पण ती हार मनात घेऊन कितीतरी वर्षं तिकडे फिरकला नाही. शेवटी १९९८ च्या जानेवारीत त्याची जर्सी वर टांगली, तेव्हा तो आला तो कॉलेजचं जुनं जाकीट घालून. अख्खा हॉल उभा राहिला.

आमच्या काकांचा कलरचा ब्लेझर ट्रंकेत आहे, डांबरगोळ्या घालून. काकू दर उन्हाळ्यात ऊन दाखवते. आता तो खांद्यात बसत नाही, पण बिल्ल्याची जर अजून चमकते. तो घालून काकांनी जायचं कुठे?

आपण काही कालचे नाही आहोत या खेळात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला, फायनल उघड्या मातीच्या कोर्टवर, भर पावसात, १९-८. म्हातारा नेस्मिथ तिथे होता. आणि त्याच बर्लिनला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं कबड्डी दाखवायला गेली होती. हे सांगितलं तर काका म्हणाले, "आम्हीबी मातीतच खेळलो बावा. मुरूम टाकायचे न् चुना मारायचे. पाऊस आला का हातानं लाइनी मारायच्या." किती पाण्यात खेळले, कोण घसरलं, कुणाचा गुडघा गेला, सगळं तोंडपाठ आहे. त्यांचं वय आता शहात्तर.

कॉलेजला जागेची अडचण असते, मला माहीत आहे. खोल्या कमी, पोरं जास्त. तरी विचारते, भंगारवाल्याला फोन करायच्या आधी माजी विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर मेसेज टाकता येत नव्हता? अर्ध्या तासात लोक गाड्या घेऊन आले असते. मी शिपाईभाऊंना विचारून जेवढे डिक्कीत मावले तेवढे घेऊन आले. हॉलमध्ये पंख्याखाली वाळत घातले आहेत. ज्यांच्या खाली नावं वाचता येतात त्यांची यादी उद्या टाकते. आपल्या वडिलांचं, काकांचं, मामांचं नाव दिसलं तर कळवा, फोटो घरी आणून देईन.

आणि एक काम आहे. काकांना त्यांच्या टीममधली दहा नावं येतात, दोन येत नाहीत. एक अकोल्याचा, डावखुरा, सगळ्यात बुटका, ड्रिबल फार खाली घ्यायचा. दुसरा चंद्रपूरचा, बहुतेक कोळसा खाणीच्या कॉलनीतला, त्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे. अकोला-चंद्रपूरवाल्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा, आणि मला इनबॉक्समध्ये लिहा.