चाल नाही म्हणे!

भाच्याच्या गिटार क्लासच्या सरांनी आज त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, 'मेटल-बिटल म्हणजे नुसता आरडाओरडा. चाल असलेलं काहीतरी बसव.' 'मावशी, खरंच यात चाल नसते का गं?' पोराने फोनवर विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

चाल नाही? अहो, मेटल म्हणजे जड गिटारींचं रॉक, आणि त्यातलं मेलोडिक डेथ मेटल तर उभंच आहे चालीवर! नव्वदीच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पोरांनी डेथ मेटलचा वेग आणि घोगरा गळा ठेवला आणि त्यावर आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडच्या वळणाच्या जोडगिटारी चढवल्या. एक गिटार चाल धरते, दुसरी तीच चाल तिसऱ्या सुरावरून नेते. स्टॉकहोमच्या डेथ मेटल बँडची गिटार करवतीसारखी खरखरायची. यांच्याकडे सूर न् सूर सुटा ऐकू येतो.

माझ्या आईला मेटलमधलं ओ की ठो कळत नाही. भजनी मंडळात पेटी वाजवते ती. मी कॉलेजात असताना घरी गोथेनबर्गच्याच इन फ्लेम्स या बँडचा 'द जेस्टर रेस' हा अल्बम लावला होता. त्यातलं 'मूनशील्ड' साध्या अकूस्टिक गिटारवर सुरू होतं. आई मेथी निवडता निवडता उठली, हात पुसले आणि पेटीवर चाल शोधायला लागली. मोठ्या गिटारी सुरू झाल्या तरी थांबली नाही. सा आणि कोमल गंधार एकदम दाबून म्हणाली, 'दोघं जोडीने चाललेत बघ.'

पेटीवाल्या बाईला पाच मिनिटांत कळलं ते गिटार शिकवणाऱ्याला कळू नये?

'द जेस्टर रेस' १९९६चा. आदल्या वर्षी, १९९५ला, तिथल्याच डार्क ट्रँक्विलिटी या बँडचा 'द गॅलरी' आणि अ‍ॅट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' आला. तिन्ही स्टुडिओ फ्रेडमनमध्ये, निर्माता फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमकडे झाले. मंडळी इतकी एकमेकांतली की डार्क ट्रँक्विलिटीच्या पहिल्या अल्बमवर अँडर्स फ्रिडेन गायला आणि इन फ्लेम्सच्या पहिल्यावर मिकाएल स्टाने. पुढे फ्रिडेन इन फ्लेम्समध्ये गेला आणि डार्क ट्रँक्विलिटीत गिटार वाजवणारा स्टाने तिथेच गायला लागला!

इंग्लंडच्या कार्कास या बँडने १९९३च्या 'हार्टवर्क' अल्बममध्ये आधीच ही वाट धरली होती, ते श्रेय द्यायलाच हवं. पुढे नक्कल करणारे पैशाला पासरी झाले, तेही खरं. आणि तो गळा सगळ्यांना सोसत नाही, बरं, मान्य. आईलाही नाही सोसला. 'हा बाबा जरा गप्प बसला तर बरं,' म्हणाली, पण बोटं पेटीवरच होती. न आवडणं वेगळं हो. शिकायला आलेल्या पोराला 'हे संगीतच नाही' म्हणून गप्प करणं वेगळं.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'द गॅलरी'पासून सुरुवात करा. 'स्लॉटर ऑफ द सोल' फार अंगावर येतो, तो नंतर. आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, म्हणजे दोन्ही गिटारी वेगवेगळ्या धरता येतील.