हॉर्न दिला म्हणजे वाट मिळालीच पाहिजे का?

आमच्याकडे गोव्यात गाडी चालवणाऱ्यांचा एक पक्का समज आहे. हॉर्न दिला की आपली जबाबदारी संपली. पुढचा बाजूला झाला नाही तर तो एकतर बहिरा, नाहीतर मुद्दाम अडवणारा. हायवेवर एक वेळ समजू शकतो. पण वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, जिथे घराच्या पायऱ्या थेट रस्त्यात उतरतात, तिथेही हेच?

फोंडा म्हणा, डिचोली म्हणा, पेडणे म्हणा, कुठल्याही वाड्यावर सकाळी सातला उभे राहून बघा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पोंय पोंय करत आलेला असतो. त्याच्या मागोमाग मासळीची स्कूटर, तिच्याभोवती चार बायका आणि दोन मांजरं. बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट बघणारी पोरं एकमेकांना ढकलत असतात. देवळाला निघालेली आजी फुलांची परडी घेऊन रस्त्याच्या मधूनच चालते, कारण कडेला गटार आहे आणि गटारावरची लादी गेल्या पावसाळ्यापासून फुटलेली आहे. आणि या सगळ्यातून एक एसयूव्ही हॉर्नवर हात ठेवून चाळीसने निघते. आजीलाच बडबड, "मधून कशाला चालते?"

तिने चालायचं कुठून, हे कोणी विचारत नाही.

लगेच कोणीतरी लिहील की हे सगळं काळ्या नंबरपाटीवाल्या रेंटच्या गाड्यांमुळे. किनारपट्टीत आणि पणजीच्या मळ्या-फोंतेन्यासच्या गल्ल्यांत ते खरंही आहे, गूगल मॅप सांगेल तिकडे घुसतात बिचारे. पण आतल्या वाड्यांवर पर्यटक येतो कितीसा? तिथे सुसाट जाणारे आपलेच. वळणावर कोणाचं गेट आहे, कोणाचं पोर कधी बाहेर धावतं, हे ठाऊक असूनही जाणारे. पूर्वी खड्डेच वेग सांभाळत होते. निवडणुकीआधी हॉटमिक्सिंग, म्हणजे नवं डांबरीकरण, झालं, रस्ता गुळगुळीत झाला, आणि चालायची वाट एका रात्रीत गाड्यांची झाली.

साधा हिशेब करा. ताशी 40 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. चेंडूमागे पोर आलेलं डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 11 मीटर गेले. आमच्या वाड्यावर चिऱ्यांच्या दोन कुंपणांमधलं अंतर त्याच्या निम्मंही नाही. 20 ने गेलात तर तोच आकडा साडेपाच मीटरवर येतो, आणि धडक झालीच तर तिचा जोर चौपटीने कमी असतो.

गंमत म्हणजे मोरजी-हरमलला जे रशियन पाहुणे येतात, त्यांच्या देशात यासाठी वेगळा नियमच आहे. वस्तीचा भाग सुरू झाला की निळी पाटी लागते. तिथून पुढे वेग 20 च्या आत. चालणाऱ्याने रस्त्याच्या मधून चालायला हरकत नाही, पहिला हक्क त्याचा. शॉर्टकट म्हणून आरपार जायचं नाही, इंजिन चालू ठेवून गाडी उभी करायची नाही, शिकाऊ चालकाने तिथे हात साफ करायचा नाही. बाहेर पडताना मोठ्या रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. इमारतींच्या मधल्या अंगणांनाही हेच लागू. नेदरलँड्सने तर अशा वस्तीरस्त्यांचे नियम 1976 मध्येच कायद्यात आणले.

आपल्याकडे असा वेगळा वर्ग नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांना कारसाठी कमाल 70 आणि दुचाकीसाठी 60 आहे. ही वरची मर्यादा झाली, पण वाड्यावर पाटीच नसली की तीच धरून बसणारे महाभाग असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली ठराविक रस्त्यावर वेग आणखी खाली आणता येतो. सार्वजनिक सुरक्षेसाठी हवा म्हणून तो आणायचा, एवढंच. मागणी मात्र खालून यायला हवी, आणि आम्ही ग्रामसभेत मागतो काय, तर स्पीडब्रेकर.

त्या स्पीडब्रेकरबद्दल थोडं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी साधारण 25 च्या वेगाने सुखरूप वर चढून उतरते. आमच्याकडे डांबराचा उरलेला ढीग आडवा ओततात. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईची कंबर जाते, पाटी नाही की पांढरा पट्टा नाही, आणि ज्याच्यासाठी बांधला तो एसयूव्हीवाला आरामात उडी मारून जातो. शिवाय तो कायम दुसऱ्याच्या दारासमोर हवा असतो.

कॉलनीच्या आतली तऱ्हा वेगळी. तिथे वेगापेक्षा मला रिव्हर्सची भीती जास्त वाटते. स्टिल्टमधून, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधून, गाडी मागे घेताना मागे बसून खडूने चित्र काढणारं तीन वर्षांचं पोर आरशात दिसत नाही. नव्या कारना मागचे सेन्सर 1 जुलै 2019 पासून सक्तीचे आहेत, त्याआधीच्या गाड्या अजून ढिगाने फिरतात. आणि सेन्सर असला तरी उतरून एकदा मागे बघायला कितीसा वेळ लागतो? गेटच्या आत पोलीस सहसा येत नाही, त्यामुळे सोसायटीची समितीच काय ते ठरवणार. आमच्या समितीच्या बैठकीत मात्र अजून कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, यावरच वेळ जातो.

आणि ती पंधरा वर्षांची मुलं. "आतल्या आत चालवतो, बाहेर जात नाही," असं कौतुकाने सांगणारे बाप मी बघितलेत. मुलाच्या हातून गुन्हा घडला तर कलम 199अ खाली पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या 25 पर्यंत परवाना नाही. वाड्यावरचा रस्ता हा सार्वजनिकच, तो काही तुमच्या घराचा व्हरांडा नव्हे.

म्हणून येत्या ग्रामसभेला मी तीन गोष्टी मागणार आहे. वाड्याच्या दोन्ही टोकांना 20 ची पाटी, तिला आधार म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, आणि देवळाजवळच्या आंधळ्या वळणावर मोठा बहिर्गोल आरसा. चौथी गोष्ट गटारावरच्या लाद्या, पण ती मागून मागून थकलो, तरी लिहिली आहे. अर्ज मराठीत तयार आहे. तुमच्या पंचायतीत द्यायचा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो. गावाचं नाव तेवढं बदला.