'तुमचा कान अजून तयार नाही' हे उत्तर होत नाही

ऑडिओच्या शौकिनांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. सारांश असा: आलेख आणि मोजमापं काही सांगत नाहीत, अनुभवी समीक्षकाचा कान हाच निकष, पाच समीक्षकांनी एकच यंत्र नावाजलं की शंकेला जागा नाही, सुरुवातीला आवाज आवडला नाही तर शंभर तास वाजवा, खुलेल, आणि तरीही फरक कळला नाही, तर तुमचा कान अजून तयार नाही. यातली बरीच विधानं पडताळून पाहता येतात, म्हणून एकेक घेतो.

'अनुभवी कान फसत नाही.' फसतो, आणि माणूस पूर्ण प्रामाणिक असला तरी फसतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठे, भारदस्त स्पीकर वर गेले, लहान आणि स्वस्त संच घसरला. ऐकण्याचा सराव असलेलेही यातून सुटले नाहीत.

डोळ्यांपेक्षा जास्त घोळ व्हॉल्यूम घालतो, आणि बहुतेक रिव्ह्यूंमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. दोन अ‍ॅम्प्लिफायरांची बटणं एकाच आकड्यावर ठेवली म्हणजे आवाज सारखा होत नाही, कारण दोघांचं गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पटीने वाढवायचा ते प्रमाण, वेगळं असतं. एक जरासा, समजा अर्धा डेसिबल, मोठा वाजत असेल तर आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही. 'मोकळा', 'तपशीलवार', 'जिवंत' वाटतो. त्यातून आवाजाची पातळी वाढली की कानाला खालचे सूर तुलनेने अधिक भरीव वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच दाखवलं होतं. नीट तुलना करायची तर शंभर-दोनशे हर्ट्झचा एक स्थिर सूर लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायचा आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरांचा व्होल्टेज जुळवायचा. एकावर दोन व्होल्ट दिसत असतील तर दुसऱ्याचा फरक ०.०२ व्होल्टच्या आत हवा. तेव्हा कुठे आपण ०.१ डेसिबलच्या आसपास येतो. शिवाय अदलाबदल झटपट व्हायला हवी, कारण आवाजातले बारकावे स्मरणात काही सेकंदच टिकतात. 'गेल्या महिन्यात ऐकलेल्या मॉडेलपेक्षा याचं स्टेज (वाद्यं समोर पसरल्याचा भास) रुंद आहे' असं वाक्य दिसलं की मी तरी त्यावर भिस्त ठेवत नाही.

'आलेख काही सांगत नाहीत.' स्पीकरच्या बाबतीत हे सरळ चूक आहे. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधला. स्पीकर न दाखवता घेतलेल्या चाचण्यांतल्या गुणांशी त्याचा सहसंबंध ०.८६ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणी). मात्र आलेखही वाचता यायला हवा. चांगल्या डॅकचं (डिजिटल फाइलचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र) डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये होणारी विकृती, ऐकू येण्याच्या कितीतरी खाली असतं, त्यामुळे तिथली क्रमवारी आकड्यांची असते, आवाजाची नव्हे. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तर खोलीच मुख्य ठरते, म्हणजे समीक्षकाच्या खोलीतला बास तुमच्या खोलीत येईलच असं नाही. हेडफोनचंही तसंच. चष्म्याच्या काडीमुळे कुशन आणि कानशील यांच्यात फट राहिली तरी बास गळून जातो. समीक्षक चष्मा लावतो का, हे कोण विचारतं?

'पाच समीक्षक एकच सांगतात.' पाच जण स्वतंत्रपणे सांगत असतील तरच पाचांना अर्थ. अनेकदा यंत्रं कंपनीनेच पाठवलेली असतात, माहितीपत्रक एकच असतं, खाली दिलेल्या खरेदीच्या लिंकवर कमिशन मिळतं आणि जे आवडलं नाही त्याबद्दल लिहिलंच जात नाही.

'शंभर तास वाजवा.' स्पीकरचं सस्पेन्शन (पडदा धरून ठेवणारा लवचिक भाग) नवं असताना किंचित सैल होतं हे खरं, पण त्याला शंभर तास लागत नाहीत आणि फरकही थोडाच असतो. केबलला तर सैल व्हायला काही नाहीच. या काळात बदलतो तो मुख्यतः ऐकणारा, आणि यंत्र परत करायची मुदतही टळून जाते. बदल नेहमी चांगल्याकडेच कसा होतो, बिघाडाकडे कधीच कसा नाही?

'तुमचा कान अजून तयार नाही' हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण त्याने नवा माणूस गप्प बसतो. सराव असतो, आणि तो उपयोगी असतो. पण ऑलिव्ह यांच्याच २००३ च्या अभ्यासात प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित श्रोत्यांनी स्पीकरांना साधारण सारखाच क्रम दिला. प्रशिक्षितांचे गुण अधिक नेमके आणि सातत्याचे होते, एवढंच. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये हाय-रिझोल्युशन ध्वनी आणि तोच सीडीच्या दर्जावर उतरवलेला ध्वनी यांतला फरक ओळखायला सांगितला. श्रोत्यांत ध्वनिमुद्रणातली जाणकार मंडळीही होती. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखी.

तेव्हा फरक आहे म्हणणाऱ्याने तो नाव न पाहता ओळखून दाखवावा. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा बरोबर आला तर मी ऐकायला तयार आहे; नुसत्या अंदाजाने तसं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. दोन ध्वनिफायलींची अशी चाचणी घेणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.