मैदानातून राजकारण हटवा, असे मी आता म्हणत नाही

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या मैदानावर एक मोठी सभा झाली. ती कोणत्या पक्षाची होती हे सांगण्याची गरज नाही, कारण गेली 22 वर्षे मी तेथे मुलींना खो-खो शिकवते आहे आणि या काळात सगळ्याच पक्षांच्या सभा तेथे झाल्या आहेत. सभेनंतरचे मैदान प्रत्येक वेळी सारखेच असते. मांडवाचे बांबू उपटून नेले जातात आणि खड्डे तसेच राहतात. व्यासपीठापर्यंत गाड्या याव्यात म्हणून टाकलेली खडी कोणी उचलत नाही. त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सरावात खांबाला वळसा घेताना आमच्या एका मुलीचा पाय अशाच खड्ड्यात गेला, घोटा सुजला आणि निवड चाचणीला ती मुकली. तिचे वडील सातपूरला कारखान्यात कामाला आहेत. ते मला एवढेच म्हणाले, "मॅडम, खेळात हे राजकारण नकोच."

मी तेव्हा मान डोलावली. ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही, आणि त्या वडिलांचा राग शंभर टक्के खरा असला तरी त्यांचे वाक्य मला आता पटत नाही.

आपण नाशिककर ज्याला सहज 'गोल्फ क्लब' म्हणतो, त्या मैदानाचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा आणि पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याला फाशी गेलेला तो कोवळा तरुण. रणजीचे सामने आणि जाहीर सभा दोन्ही ज्या मैदानाने पाहिल्या, जेथे रोज पहाटे शेकडो लोक चालायला येतात, त्याच्या नावातच या शहराचा राजकीय इतिहास आहे. मैदान हे गावाचे असते, आणि जे गावाचे असते त्याचा निर्णय कोणीतरी गावाच्या वतीने घेत असतो. त्या निर्णयालाच तर आपण राजकारण म्हणतो.

राजकारणी बाजूला झाले की मैदान आपोआप सुधारते, हा समजही आम्ही अनुभवाने तपासून पाहिला आहे. मार्च 2022 मध्ये नाशिक महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहरात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात आमच्या मैदानावरचे दोन दिवे बंद पडले. थंडीच्या दिवसांत सहा वाजताच अंधार होतो आणि मुलींना घरी सोडावे लागते, म्हणून मी अर्ज घेऊन एका कार्यालयात पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी नवी व्यक्ती भेटली आणि प्रत्येक वेळी तोच अर्ज नव्याने लिहून मागितला गेला. पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात उभे राहून, "पुढच्या वेळी मते मागायला याल तेव्हा याच अंधारातून या," असे सुनावता येत असे. ते दारही उरले नाही, तेव्हा ज्याला आपण शिव्या देतो त्या राजकारणाचा उपयोग काय असतो, हे मला कळले.

आपल्या जिल्ह्यातल्या खेळाडूंकडे पाहिले तरी हेच दिसते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणण्याच्या कामावर जात होता. जेथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची वानवा असते, त्या भागातला हा मुलगा सैन्यात भरती झाल्यावर वल्हवायला शिकला, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन परतला. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक जिंकली. त्या स्पर्धेत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिची तयारी झाली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर, आणि ही शाळा 1937 साली काढणारे डॉ. बा. शि. मुंजे हे राजकारणातलेच गृहस्थ होते. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. या दोघांची जिद्द त्यांची स्वतःची आहे, यात शंकाच नाही. परंतु अशी जिद्द असलेली आणखी कितीतरी मुले पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवर आहेत, आणि त्यांच्यापर्यंत रस्ता, पोटभर अन्न आणि प्रशिक्षक पोहोचतो की नाही हे जिल्हा नियोजनाच्या बैठकीत ठरते.

खेळाडूंनी राजकारणात बोलू नये, असेही आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. पळवणकर बाळू यांची आठवण येथे काढावीशी वाटते. पुण्याच्या जिमखान्यात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाज झालेल्या या चर्मकार समाजातल्या माणसाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही त्या काळच्या धर्मवार क्रिकेट स्पर्धेतल्या हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे आणि 1937 च्या निवडणुकीत ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहून हरले. आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, 1935 साली बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा बाळूंना मान्य नव्हती. माझी सहानुभूती येथे बाबासाहेबांच्या बाजूने आहे, काळाराम मंदिराच्या शहरात राहणाऱ्या माणसाची ती असणारच. पण ज्याला चहासुद्धा वेगळ्या भांड्यातून दिला जात असे, त्याने केवळ चेंडू टाकावा आणि गप्प राहावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? 2023 मध्ये महिला कुस्तीपटू दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या आणि त्यांनी महासंघाच्या अध्यक्षांवर, जे विद्यमान खासदार होते, लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा 'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य त्या मुलींनाच ऐकवले गेले. खुर्चीवर खासदार बसलेला असताना ते वाक्य कोणाला आठवले नव्हते. मुलींना शिकवणारी बाई म्हणून त्या दिवसांत मला झोप लागत नसे.

म्हणून संघटनांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला असाव्यात, वाद सोडवायला स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, या त्यातल्या तरतुदी स्वागतार्ह आहेत. मात्र माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांपुरताच ठेवला गेला, हे मला खटकते. शिवाय माझ्या मुलींचा संबंध येतो तो तालुका आणि जिल्हा पातळीवर, जेथे अनेकदा निवड कोणत्या निकषावर झाली हे कागदावर मिळत नाही आणि अंतिम सामना पाहुणे येईपर्यंत थांबवून ठेवला जातो. एका स्पर्धेत आमचा संघ मे महिन्याच्या उन्हात दोन तास बसून होता. पाहुणे आले, चषकासोबत छायाचित्र काढले आणि सामना सुरू होण्यापूर्वीच निघून गेले.

राजकारण्यांनी मैदानावर जरूर यावे. फक्त सभेच्या परवानगीबरोबर अनामत रक्कम घ्यावी, आणि मैदान पूर्ववत झाल्याशिवाय ती परत करू नये. सभेच्या आधीचे आणि नंतरचे मैदान पाहायला तेथे रोज खेळणाऱ्यांपैकी दोघांना बोलवावे. या दोन मागण्यांचा आणि बंद दिव्यांचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर 41 पालकांच्या सह्या झाल्या आहेत, आणि पहिली सही त्या मुलीच्या वडिलांची आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही तो द्यायला जाणार आहोत. पंचवटी, सिडको, नाशिकरोड भागांतल्या ज्या प्रशिक्षकांच्या मैदानांची हीच अवस्था असेल, त्यांनी मला निरोप पाठवावा; अर्जाचा मसुदा मी पाठवीन.